शिक्षा लेकरांना कशासाठी?

मरणानंतरही कुटुंब एकत्र राहते, ही मॉर्मन चर्चची शिकवण. म्हणूनच अमेरिकेतील युटा राज्यात मॉर्मन घरात वाढणाऱ्या समलिंगी मुलाला दोन्ही लोकांतले घर गमावण्याची भीती असते. नोव्हेंबर २०१५ मध्ये चर्चने समलिंगी विवाह करणाऱ्यांना धर्मत्यागी ठरवले. त्यांच्या मुलांचा ८ व्या वर्षी होणारा बाप्तिस्मा १८ व्या वर्षापर्यंत रोखला. आई-बापाच्या लग्नाची शिक्षा लेकरांना, हा कोणता न्याय? एप्रिल २०१९ मध्ये हा नियम मागे घ्यावा लागला. समलिंगी विवाह मात्र तिथे आजही पापच! याच चर्चने १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाकारले होते. ती ईश्वराज्ञा बदलली, मग ही का नाही? श्रद्धा आणि स्वत्व यांतले एकच निवड, असे कोणत्याही मुलाला बजावण्याचा अधिकार धर्मपीठांना नाही, असे आम्ही ठामपणे म्हणतो.