क्रॉसओव्हर पेटीबाहेर: जुनी रीत, नवा आक्षेप

१/ खर्ज वूफरकडे आणि तारस्वर ट्वीटरकडे धाडणारे मंडल म्हणजे क्रॉसओव्हर. घरी स्पीकर घडवणाऱ्याने ते पेटीबाहेर ठेवले की ‘अर्धवट काम’ असा शिक्का बसतो. इतिहास या शिक्क्याला दुजोरा देत नाही.

२/ डग्लस शिअरर आणि एमजीएमच्या ध्वनिविभागाने चित्रपटगृहांसाठी घडवलेल्या द्विमार्गी हॉर्न-यंत्रणेला १९३६ सालचा ऑस्कर तांत्रिक सन्मान मिळाला. पडद्यामागच्या अशा यंत्रणांत क्रॉसओव्हर हा स्वतंत्र घटक असे. पुढे आल्टेक लान्सिंगनेही तो सुटा विकला.

३/ दिवाणखान्याला मात्र एकच पेटी आणि दोनच तारा हव्या होत्या. ही सोय रास्तच. तिला ध्वनिशास्त्राचा नियम ठरवणे चूक.

४/ पेटीत कॉइल वूफरच्या चुंबकाशेजारी येते, हादरे सोसते. शिवाय प्रत्येक फेरबदलासाठी वूफर उतरवावा लागतो. बाहेर कपॅसिटर बदलून लगेच ऐकता येते. त्यासाठी प्रत्येक ड्रायव्हरच्या तारा स्वतंत्रपणे बाहेर काढून छिद्रे हवाबंद करावी लागतात, एवढेच.

५/ केवळ बाहेर ठेवल्याने आवाज सुधारतो, हा दावाही तितकाच पोकळ. चुकीचे गणित पेटीबाहेरही चुकीचेच राहते. फक्त तेथे ते दुरुस्त करणे सोपे जाते.