‘फाईल उघडत नाही’ म्हणून गिऱ्हाईक परत पाठवू नका

झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, फ्लेक्स डिझाईनचं दुकान टाकायचंय म्हणणारे बहुतेक जण मला पहिलं विचारतात, प्रिंटर कुठला घेऊ? मी उलट विचारतो, गिऱ्हाईकाने एचईआयसी फाईल आणली तर काय करणार? निम्मे जण गप्प बसतात.

आपल्या विट्यात तर हा प्रश्न हमखास येतो. इथली गलाईवाली माणसं देशभर पसरलीत. सोनं-चांदी गाळायचं दुकान तामिळनाडूत, केरळात, पण लग्न आणि वास्तुशांत गावाकडेच. तिकडून भाचा आयफोनवरचा फोटो पाठवतो, “बॅनरवर हाच टाका.” 2017 च्या आयओएस 11 पासून आयफोन फोटो एचईआयसीमध्ये ठेवतो, कारण जागा कमी लागते. आपल्या विंडोजवर मात्र तो बऱ्याचदा उघडत नाही.

मग काही दुकानदार फाईलचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहितात. अहो, मिठाच्या डब्यावर साखरेची चिठ्ठी लावली म्हणून चहा गोड होतो का? दुसरे सांगतात, “व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवा.” तो उघडतो, पण बारीक होऊन येतो, आणि दहा फुटी फ्लेक्सवर नवरदेवाचा चेहरा फुटतो. फोटो डॉक्युमेंट म्हणूनच मागवा आणि आपल्या मशीनवर उघडा. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन फुकट मिळतं (सोबत एचईव्हीसीचं लागलं तर थोडे पैसे पडतात). नाहीतर जिम्प टाका, तेही फुकट. त्यात एचईआयसी, वेबपी, फोटोशॉपची पीएसडी उघडते आणि जेपीजी करून देता येते. कोरलची सीडीआर वेगळी. नव्या व्हर्जनची फाईल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही, तेव्हा पाठवणाऱ्यालाच जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करायला सांगा.

“एवढं कशाला सर, ऑनलाइन कन्व्हर्टर आहेत की!” असं कुणीतरी म्हणतंच. मीही तेच करायचो. एकदा भरतीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. एका मुलीचा फोटो आणि आधार, दोन्ही एचईआयसी. फॉर्मला जेपीजीच हवा, तोही ठरावीक केबीत. सर्चमध्ये पहिली दिसली त्या साइटवर मी दोन्ही टाकले. फॉर्म गेला, मुलगी खूश. रात्री शटर ओढताना डोक्यात आलं, ती साइट कुणाची? आधार आता कुणाकडे आहे? फाईल परत काढून घ्यायची सोय नव्हती. त्या मुलीला मी हे आजपर्यंत सांगितलेलं नाही, आणि ते मला बरं वाटत नाही.

तेव्हापासून माझ्या दुकानात गिऱ्हाईकाचं कुठलंही कागदपत्र अनोळखी साइटवर चढत नाही. कितीही गर्दी असू दे.

आणि पैसे घ्या बरं का! एखादा फोटो बदलून दिला तर सोडून द्या, पण कुणी लग्नाचे चाळीस फोटो घेऊन आला तर लाजू नका. तुमचा वेळ जातो, वीज जाते. मी दर आधीच सांगतो, त्यामुळे वाद होत नाही.

काउंटरवर मी एक कागद चिकटवलाय: आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, मग मोस्ट कम्पॅटिबल. पुढचे फोटो जेपीजीतच निघतात. यात्रेला आलेली पोरं त्या कागदाचा फोटो काढून नेतात. आयफोनवरच.