जयंती झाल्यावर रडू का येतं?

१४ एप्रिलच्या आधी महिनाभर आपल्या वस्त्यांत गाणी रचली जातात, चाली बसतात, देखावे उभे राहतात. यवतमाळ, दारव्हा, पुसद, कुठेही जा. जयंती पार पडली की आमच्याकडे एखादी तरी ताई येते. झोप नाही, जेवण जात नाही, उगाच रडू येतं. घरचे म्हणतात, नजर लागली.

नजरबिजर काही नाही. आम्ही बाळंतिणी सांभाळल्या आहेत. बाळ धडधाकट असलं तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाई रडते. त्यात शरीरातल्या बदलांचा भाग मोठा. गाण्याचं तसं नाही, पण महिनाभर मन ज्यात गुंतलं होतं ते हातावेगळं झालं की घर एकदम रिकामं वाटतं. आनंद आणि रडू सोबतच येतात.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती लपवण्याची. बेबीताई कांबळे फलटणला छोटं दुकान चालवत. त्या लिहायच्या आणि वह्या दडवून ठेवायच्या, नवऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून. अशी वीस वर्षं! मॅक्सीन बर्नसन यांनी आग्रह धरल्यावर ते लेखन ‘स्त्री’ मासिकात आलं, १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. लिहून तर झालं, पण सांगायचं कुणाला? त्या रात्री त्यांनी कशा काढल्या असतील? आम्हीही भाषणांत पुस्तकाचं कौतुक करतो, या दडवण्याबद्दल बोलत नाही. आजही वस्तीत वह्या तांदळाच्या डब्यात निघतात.

मधुमेहाने थकलेल्या बाबासाहेबांनी ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेचे कागद जवळ मागवून घेतले होते. घरचे पुरुष हे अभिमानाने सांगतात आणि बायको वही घेऊन बसली की तिला भाकरीची आठवण करून देतात.

गाणं पूर्ण होईल त्याच रात्री घरच्यांनी ते बसून ऐकावं. टीव्ही बंद करून. वहीला घरात एक उघडी जागा द्यावी. रडू आलं तर येऊ द्यावं, अंगारा लावू नये. दोन आठवड्यांतही झोप-जेवण रुळावर आलं नाही तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. जीव नकोसा वाटला तर मात्र एक दिवसही थांबू नका. ‘टेली मानस’चा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.