वाडीचे माप हेक्टरात?

‘ऋतुमान बदलले, आता बागेचे वेळापत्रकही बदला,’ असा उपदेश हल्ली चोहीकडून ऐकू येतो. रविवारच्या पुरवण्यांत तो असतो, सरकारी पत्रकांत असतो, मंत्रिमहोदयांच्या भाषणांत तर हमखास असतो. उपदेशकांच्या डोळ्यांसमोर बहुधा सज्जातील कुंड्या असाव्यात. कुंडी उन्हातून उचलून सावलीत ठेवता येते. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या किनाऱ्यावरील वाडी अशी उचलता येत नाही. तिच्यातील नारळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, सुपारीलाही जवळजवळ तितकीच, आणि एकदा धरल्यावर दोन-दोन पिढ्या त्यावर निभावतात. अशा बागेचे ‘वेळापत्रक’ बदलायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही.

वाडी म्हणजे मजल्यामजल्यांची बाग. वर नारळ, त्याच्या छायेत सुपारी, सुपारीवर चढवलेला मिरवेल, खाली जायफळ आणि केळ. पाऊस सरला की शिंपणे सुरू होते ते मेअखेरपर्यंत चालते. पाऊस लागण्यापूर्वी सुपारीच्या घडांवर बोर्डो मिश्रण फवारावे लागते, नाही तर कोळेरोगाने फळ गळते. हे सारे गणित मृगाच्या आगेमागे बांधलेले होते. २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला २५ जूनला. २०२५ साली २६ मेला. दोन वर्षांच्या अंतराने एका महिन्याचा फरक! एका वर्षी विहीर तळाला गेलेली असताना शिंपणे लांबवायचे आणि दुसऱ्या वर्षी फवारणीला माणूस मिळायच्या आत घड भिजलेले पाहायचे. यात वाडीवाल्याचे अज्ञान कोठे आले?

पण पावसाची ही लहर एक वेळ सोसता येईल. वादळाचे काय? अरबी समुद्र तापतो आहे, त्यातील चक्रीवादळांची संख्या आणि जोर वाढला आहे, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि एका दुपारी वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढल्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेले.

त्यानंतर जे घडले त्यात निसर्गाचा काही हात नव्हता. बहुवार्षिक फळबागांच्या नुकसानीसाठी केंद्राचा निकष तेव्हा हेक्टरी १८,००० रुपये होता. राज्य सरकारने तो ५०,००० केला आणि औदार्याचा डंका पिटला. आता हिशेब मांडू. हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्याला मिळाले सुमारे ५०० रुपये. किनाऱ्यावरचा सामान्य वाडीवाला हेक्टराचा धनी नसतो. त्याची वाडी असते पाच, दहा गुंठ्यांची. पाच गुंठ्यांना २,५०० रुपये! ओरड झाली तेव्हा झाडामागे मदत जाहीर झाली: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. तत्त्व योग्य होते. आकडा मात्र थट्टेचा. शास्त्रोक्त अंतराने लावलेल्या गुंठ्यात सुपारीची चौदा-पंधरा झाडे बसतात. म्हणजे गुंठ्याला सातशेच्या आसपास. पडलेले खोड कापून वाडीबाहेर ओढण्याची मजुरीदेखील त्यात भागत नाही, मग पुढील सहा वर्षांच्या बुडालेल्या उत्पन्नाची गोष्टच नको.

शिवाय पंचनामा होतो तो पडलेल्या झाडांचा. उभ्या राहिलेल्यांचे काय होते? नारळ कोसळला की त्याखालच्या सुपारीवर दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन थेट पडते, खोड करपते, चिरते आणि पुढच्या एखाद्या वाऱ्यात ते झाड मोडते. जायफळाची छाया जाते, मिरवेलाचा आधार जातो. ही पडझड तीन-चार वर्षे चालू राहते. तलाठ्याच्या कागदाला तिची खबर नसते. त्याच्या लेखी नुकसान जूनमध्ये झाले आणि जूनमध्येच संपले.

आणि मदत मिळते ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. कोकणातील सातबारा सर्वांना ठाऊक आहे: एका तुकड्यावर वीस-पंचवीस नावे, निम्मी मुंबईला, काही कैलासवासी. वाडी राखणारा, शिंपणारा, नारळ पाडणारा, सुपारी सोलणाऱ्या बाया, यांचे नाव कोणत्याच कागदावर नाही. ज्या जिल्ह्यात चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे संप लढवून जमीन कसणाऱ्याचा हक्क गाजवला, तेथे आज वाडी जगवणारा माणूस मदतीच्या यादीत बसत नाही. त्याचा मात्र रोजगार वादळाबरोबर त्याच दिवशी गेलेला असतो.

तिजोरीत पैसा कोठून आणायचा, असा प्रश्न लगेच येईल. याच राज्याने १९९० साली फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली आणि आंबा-काजूने कोकणचे कातळ हिरवे केले. झाड लावण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्चणे तेव्हा उधळपट्टी ठरली नाही. समुद्र तापवण्यात पाच गुंठेवाल्याच्या विहिरीवरील पंपाचा वाटा किती? ज्या कारखानदारीने आणि ज्या चैनीने हवा तापवली तिच्यावर कर बसवण्याची भाषा निघाली की मात्र अर्थशास्त्राचे सारे नियम एकदम आठवतात. २०२२ साली केंद्राने निकष सुधारला तो हेक्टरी २२,५०० रुपयांवर. आकडा हलला, माप तेच राहिले.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. भरपाई झाडामागे, आणि नवे झाड धरेपर्यंतच्या वर्षांची. पंचनामा एकदा नव्हे, तीन वर्षे दरसाल. साफसफाई व पुनर्लागवडीची मजुरी सरकारी खर्चाने, तीही वाडीत राबणाऱ्याच्या हाती. किनाऱ्यावरील कार्यकर्त्यांनी एक काम आजच हाती घ्यावे. पंचनाम्याच्या वेळी उपटलेल्या झाडांच्या संख्येवरून तंटा होतो, कारण आधीची मोजणी कोणाकडेच नसते. दर वर्षी मे उजाडण्यापूर्वी गावागावांतील वाड्यांची झाडे मोजावीत, कसणाऱ्याचे आणि मजुरांचे नाव त्यापुढे लिहावे आणि ती नोंद ग्रामसभेच्या इतिवृत्तात घालून घ्यावी.