मोजमापाइतकाच मोजपट्टीचा दाखला

मेंदूची चित्रे घेणारे एमआरआय यंत्र खरेदी करावयाचे म्हटले म्हणजे निविदा निघतात, समित्या बसतात, कोट्यवधींची मंजुरी मिळते आणि यथाकाल उद्घाटनाची फीतही कापली जाते. परंतु त्या चित्रांतून मोजमापे काढणारी सॉफ्टवेअरची व्यवस्था कोणी उभारावयाची आणि नवख्यास ती कोणी शिकवावयाची, याची तरतूद ठरावात सहसा आढळत नाही. हे काम बहुधा एखाद्या होतकरू संशोधक-विद्यार्थ्याच्या गळ्यात पडते, आणि तो पदवी घेऊन गेला की ती सारी विद्याही त्याच्याबरोबर निघून जाते. वस्तुतः ही व्यवस्था संशोधनाच्या पुराव्याचाच भाग होय, आणि तिला तोच दर्जा मिळाला पाहिजे.

मेंदूचे बाह्यक, म्हणजे सरासरी अडीच मिलिमीटरांचा वरचा थर, मोजण्यासाठी 'फ्रीसर्फर' हे सॉफ्टवेअर जगभर वापरतात. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीच चित्रे त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्यांनी मोजून पाहिली, तेव्हा नव्या आवृत्तीत जाडीची मापे सरासरी 2.8 टक्क्यांनी आणि मेंदूच्या भागांच्या आकारमानाची मापे 8.8 टक्क्यांनी बदलली. नुसता संगणक किंवा त्यावरील ऑपरेटिंग सिस्टीम बदलली तरी सुमारे याच्या निम्मा फरक पडला. मेंदूच्या ऱ्हासाच्या विकारांत वैद्य जो बदल शोधतात तोही साधारण एवढाच सूक्ष्म असल्याने, अर्धे रुग्ण जुन्या आवृत्तीने आणि अर्धे नव्या आवृत्तीने मोजले, तर रोगाची खूण कोणती आणि संगणकाची करामत कोणती, याचा निवाडा कोण करणार?

सॉफ्टवेअर, त्याची उपसाधने आणि त्यांच्या नेमक्या आवृत्त्या एकत्र मोहोरबंद करणारे 'कंटेनर' आता विनामूल्य मिळतात, आणि ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या 'न्यूरोडेस्क'ने तर असे अनेक संच साध्या ब्राउझरमधून चालविण्याची सोय केली आहे. तथापि मोहोरबंद केलेली चूकही जशीच्या तशी टिकते. 'एएफएनआय' या ख्यातनाम संचातील एका सांख्यिकी प्रोग्रॅममधला दोष 15 वर्षे कोणाच्या ध्यानात आला नव्हता, तो 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीतून चव्हाट्यावर आला. पुढे 2020 साली 70 संशोधक-गटांनी एकाच चित्रसंचावर तीच 9 गृहीतके तपासल्याचे जाहीर झाले, तेव्हा कोणत्याही दोन गटांची कार्यपद्धती तंतोतंत जुळली नव्हती, आणि कित्येक निष्कर्षांतही मतभेद निघाले.

म्हणून व्यवस्थेच्या जोडीला शिक्षण हवे. कोणती आज्ञा कोठे टंकावी एवढेच सांगणारा पाठ विद्यार्थ्याला आज्ञाधारक करतो, परीक्षक करीत नाही. नमुन्याची चित्रे, त्यांची अपेक्षित उत्तरे आणि मुख्यतः बिघडलेली चित्रे हाती द्यावीत: रुग्णाने डोके हलविल्यामुळे पट्टे उमटलेली, अथवा कवटीचा भाग वगळताना मेंदूचाच एखादा तुकडा कापला गेलेली. नजर तयार होते ती अशाच चित्रांवर.

आपल्या विद्यापीठांनी व वैद्यकीय महाविद्यालयांनी संशोधन-अनुदानात या कामासाठी स्वतंत्र बाब ठेवावी, त्यावर कायमचा जाणकार माणूस नेमावा, आणि आवृत्त्या व आज्ञावली यांची नोंद सोबत नसलेला प्रबंध बिनदिक्कत परत पाठवावा. एवढ्या शिस्तीस कोट्यवधींचे यंत्र लागत नाही.