‘विका’ची साक्ष

मूषकाला गणपतीच्या पायाशी जागा देणारा आपला समाज घरात शिरलेल्या उंदराला मात्र सापळाच लावतो. माडावरची कोवळी फळे पोखरणारा हा प्राणी बागायतदाराला शत्रू वाटावा, यातही नवल नाही. तेव्हा प्रशांत महासागरातील एका उंदरासाठी अग्रलेखाची जागा खर्ची पडलेली पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु या उंदराची हकीकत जंगल कोणाचे, या प्रश्नापर्यंत जाऊन पोहोचते.

सॉलोमन द्वीपसमूहातील वांगुनू बेटावर झाइरा नावाची वस्ती आहे. उंच वृक्षांवर राहणाऱ्या एका थोराड उंदराला तेथील लोक ‘विका’ म्हणतात. तो नारळाची करवंटी दातांनी फोडतो, असे ते सांगत. ऑस्ट्रेलियाचे प्राणिशास्त्रज्ञ टायरोन लॅव्हरी यांच्या कानी ही गोष्ट 2010 मध्ये आली. पण वर्षानुवर्षे शोधूनही विका हाती लागेना. अखेर 2015 मध्ये लाकूडतोड्यांनी एक उंच वृक्ष पाडला आणि त्यातून तो बाहेर पडला. जखमी झालेला तो जीव लवकरच मेला. शेपटीसह त्याची लांबी सुमारे 46 सेंटिमीटर. झाइराचे वनरक्षक हिकुना जज यांच्या हाती तो आला, आणि 2017 मध्ये लॅव्हरी व जज यांनी ‘युरोमिस विका’ ही नवी जात जाहीर केली.

पिढ्यान्‌पिढ्या त्या अरण्यात वावरणाऱ्यांचा शब्द जगाला पुरेसा वाटला नाही. जगाची खात्री पटली ती कुऱ्हाडीने दिलेल्या कलेवरावरून! शास्त्राला पुरावा लागतो हे आम्हांस मान्य आहे. मात्र विका आहे, हे गावकऱ्यांनी सिद्ध करून दाखवावे लागते. जंगल तोडल्याने काही बिघडणार नाही, हे सिद्ध करण्याची सक्ती तोडणाऱ्यावर तितक्याच कडकपणे होत नाही.

2023 मध्ये जिवंत विकाची छायाचित्रे प्रथमच प्रसिद्ध झाली. झाइराच्या लोकांच्या साह्याने जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांनी चार उंदरांची 95 चित्रे टिपली होती. आनंदाची वार्ता खरी. पण त्याच शोधनिबंधात म्हटले होते की या शेवटच्या अधिवासात वृक्षतोडीस संमती देण्यात आली आहे आणि तोड झाली तर विका नामशेष होईल.

ही संमती येते कोठून? 1978 मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात बहुतांश जमीन परंपरेने कुळांच्या मालकीची आहे. कंपनीला सरकारी परवान्याबरोबर कुळाचा होकारही लागतो. कायदा कागदावर उत्तमच म्हणायचा. प्रत्यक्षात कुळाच्या नावाने मोजक्या व्यक्ती सह्या करतात, मोबदल्याचा मोठा वाटा त्यांच्याच हाती राहतो आणि उरलेल्यांना यंत्रांचा आवाज ऐकू आल्यावर व्यवहार कळतो, अशा तक्रारी तेथे जुन्याच आहेत. इमारती लाकूड ही या देशाची प्रमुख निर्यात. त्यातील बहुतेक ओंडके चीनला जातात. शाळा, रस्ते, दवाखाने हवे असलेल्या गरीब राष्ट्राला परकीय चलनाचा मोह पडला, तर दूर बसून त्याला दूषणे देणे सोपे आहे. तरीही झाइराच्या लोकांनी जंगल राखण्याचा आग्रह धरला आहे. त्यांना शाळा आणि दवाखाना नको आहे, असे कोण म्हणेल?

महायुद्धामुळे आपल्या परिचयाच्या झालेल्या ग्वादलकनाल बेटावरही अशीच एक थोर उंदराची जात होती. तिचे नमुने 1880 च्या दशकात गोळा झाले. त्यानंतर ती शास्त्रज्ञांच्या हाती आलेली नाही. तिचे कॅमेऱ्याने टिपलेले एकही चित्र नाही. विकाची 95 आहेत.