भिंतींचे कान आणि जनतेची जीभ

जनतेचे तोंड बंद करण्याचे दोन मार्ग राज्यकर्त्यांना पूर्वापार ठाऊक आहेत. पहिला उघड आहे. खटला भरावा, छापखान्याला टाळे ठोकावे, लेखकाला तुरुंगात डांबावे. दुसरा मार्ग छुपा आहे. बोलणाऱ्याच्या पाठीशी एक कान उभा करावा आणि तो तेथे आहे याची कुणकुण तेवढी त्याला लागू द्यावी. उरलेले काम भीती बिनपगारी करते. या दुसऱ्या मार्गाविषयी आज आम्हाला स्पष्ट बोलावयाचे आहे.

१९७५ साली आणीबाणीत वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, तेव्हा काही पत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. ती कोरी जागा छापील मजकुराहून अधिक बोलली. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून आणीबाणीचा धिक्कार केला आणि पुढे कारावास पत्करला. घाव दिसत होता, म्हणून घाव घालणाऱ्याशी झुंजता आले. चोरट्या पाळतीचे तसे नाही. भ्रष्टाचाराची बातमी देणाऱ्या कारकुनाने जो फोन केलाच नाही, कार्यकर्त्याने जे पत्र लिहिलेच नाही, त्याची कोरी जागा कोणत्या पानावर दाखवायची?

हे आमचेच म्हणणे आहे असे कोणी समजू नये. १९६२ साली उत्तर प्रदेशातील खरकसिंग नावाच्या इसमाचा दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या या माणसाच्या दारावर पोलीस अपरात्री थापा मारीत आणि त्याच्या येण्याजाण्यावर नजर ठेवीत. न्यायालयाने रात्रीच्या थापा बेकायदा ठरविल्या; पाळत मात्र कायम ठेवली. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी वेगळा निर्णय दिला. पोलिसांच्या नजरेखाली वावरणाऱ्या माणसाला सारा देशच तुरुंग होतो आणि त्याच्या संचाराबरोबर त्याच्या भाषणस्वातंत्र्यालाही बाध येतो, असे त्यांनी बजावले. हे अल्पमत मान्य व्हायला ५५ वर्षे लागली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी ९ न्यायमूर्तींनी एकमुखाने निकाल दिला, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. भारतीय नागरिकाला असा हक्कच नाही, असा युक्तिवाद त्याआधी खुद्द सरकारच्या वतीने झाला होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

निकाल लागला, कारभार सुधारला काय? इंग्रजांनी १८८५ साली केलेल्या तार कायद्याने सरकारला तारा अडविण्याचा आणि वाचण्याचा अधिकार दिला. इंग्रज गेले, तारही गेली, अधिकार राहिला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुन्या कायद्याला मूठमाती दिली खरी, पण चोरून ऐकण्याची सत्ता नव्या घरात जशीच्या तशी नांदावयास आली. टपालाची कहाणी तर अधिक बोलकी आहे. १९८६ साली संसदेने पत्रे फोडण्याची मुभा वाढविणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि त्याचा कायदा झालाच नाही. २०२३ साली टपालाचा नवा कायदा झाला. टपाल अडविण्याचा आणि उघडण्याचा अधिकार त्यात ठळकपणे लिहिला गेला, आणि या वेळी राष्ट्रपतींची सही झाली. त्याच वर्षीच्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्याच यंत्रणांना त्या कायद्यातून वगळू शकते. कुंपणानेच शेत खावे आणि त्याला राखणदाराचा मान मिळावा, असा हा न्याय!

ऐकण्याची परवानगी द्यायची कोणी? गृहसचिवांनी. ती योग्य होती की नाही हे तपासायचे कोणी? मंत्रिमंडळ सचिव आणि त्यांच्या जोडीच्या सचिवांच्या समितीने. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने फोन चोरून ऐकण्यावर बंधने घातली, पण न्यायाधीशाची पूर्वपरवानगी सक्तीची केली नाही. त्याचे फळ काय मिळाले ते न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालात दिसते. तपासणी समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एकेका बैठकीत तिच्यापुढे १५,००० ते १८,००० आदेश असतात, असे त्यात नमूद आहे. सचिवमहाशय अन्नपाणी वर्ज्य करून सलग दहा तास बसले, तरी १५,००० आदेशांपैकी एकेकाच्या वाट्याला अडीच सेकंदही येत नाहीत. एवढ्या वेळात नाव वाचून होत नाही. न्याय कसला होणार?

न्यायाधीशाने आदेश वाचला म्हणजे काय होते, याचा दाखला मुंबईत मिळाला. २००९-१० मध्ये एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्यासाठी काढलेले ३ आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी नव्हती, सार्वजनिक सुरक्षिततेलाही धोका नव्हता. मग कान कशासाठी लावले? ती संभाषणे नष्ट करण्याचा हुकूम झाला. पण त्या गृहस्थांवर खटला झाला, म्हणून त्यांना कळले तरी! ज्याच्यावर खटलाच होत नाही, त्याने दाद कोठे मागावी?

आता तर तारेला कान लावण्याचीही गरज उरलेली नाही. खिशातला मोबाईल हीच आपली पत्रपेटी, रोजनिशी आणि मित्रांची यादी झाली आहे. जुलै २०२१ मध्ये इस्रायली कंपनीच्या पेगॅसस या हेरप्रणालीचा बोभाटा झाला. संभाव्य लक्ष्यांत भारतातील पत्रकार आणि विरोधी नेत्यांची नावे निघाली. ही प्रणाली वापरली की नाही, याचे सरळ उत्तर सरकारने दिले नाही. राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले म्हणजे सरकारला मोकळे रान मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या ऑक्टोबरात सुनावले आणि तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने २९ फोन तपासले. ५ फोनांत घातक प्रणाली सापडली, ती पेगॅससच होती असे मात्र ठामपणे ठरले नाही. सरकारने समितीला सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये भर न्यायालयात सांगण्यात आले. हात स्वच्छ असतील, तर ते दाखविण्याची लाज का वाटावी?

यावर सरकारी भाटांचे ठरलेले उत्तर असते, की ज्याने काही केले नाही त्याला भिण्याचे कारण काय? आमचा उलट सवाल आहे. ज्या सरकारने काही वावगे केले नाही, त्याने न्यायाधीशाला भिण्याचे कारण काय? दहशतवादी आणि दरोडेखोर यांच्यावर नजर ठेवू नये, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. घराची झडती घेणाऱ्या पोलिसालाही वॉरंट लागते, निकडीच्या वेळी निदान कारणे लिहून न्यायाधीशाकडे धाडावी लागतात. मग माणसाच्या मनाची झडती सचिवाच्या एका सहीवर व्हावी, हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. चोरून ऐकण्याचा हुकूम न्यायाधीशाने द्यावा. तपास संपल्यावर, ज्याचे ऐकले त्याला ते कळवावे. आणि किती हुकूम निघाले, किती नाकारले, याचा हिशेब दरवर्षी संसदेपुढे ठेवावा. यांतील एकाही मागणीने गुन्हेगार निसटत नाही. निसटते ती सत्ताधाऱ्यांची मनमानी.

सभेच्या कडेला टिपणवही घेऊन उभा राहणारा साध्या वेशातला पोलीस सीमाभागाला नवा नाही. तो दिसे, म्हणून वक्ता त्याच्याकडे पाहूनच दोन शब्द अधिक खणखणीत बोले. आजचा टिपणीस दिसत नाही एवढाच फरक आहे. त्याच्या भयाने जो आज आवाज खाली आणील, त्याला उद्या तो वर नेण्याची संधी मिळेलच असे नाही. आपले म्हणणे मोठ्याने मांडा, आणि ऐकणाऱ्याकडे न्यायाधीशाचा हुकूम मागा!